म्हसोबाचा कापलेला शेवट

कोरेगावजवळच्या आमच्या गावात सांगलीच्या वरदने सिनेमा काढला. विनोदी, जादूचा, धाडसाचा. शिवेवरचा म्हसोबा एका जागी बसून कंटाळतो, पुजाऱ्याच्या खांद्यावर चढतो आणि जग फिरून परत येतो, अशी गोष्ट. पुजारी म्हणून वरदने आमचा खराच पुजारी घेतला, जोतीराम. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण थोडी अक्कल असायला काय हरकत होती?

आमच्याकडे रीत आहे. देव जागचा हलवायचा तर पुजाऱ्याने दगडासमोर म्हणायचं, 'चल देवा.' परत बसवताना, 'बस देवा.' मधल्या वेळात देव त्याच्या खांद्यावर असतो, म्हणून त्याने स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर ते घर राहत नाही.

वरद म्हणाला, "नुसते ओठ हलवा, आवाज नंतर भरू."

"देवाम्होरं खोटं तोंड हलवू व्हय?" म्हणत जोतीरामने दोन्ही वेळा खरे शब्द उच्चारले.

साताऱ्याला जाऊन सगळा गाव सिनेमा बघून आला. पोट धरून हसलो. पडद्यावर देव गेला, देव आला. जोतीराम घरात मांडी घालून जेवला.

मग परीक्षणं आली. सांगलीच्या पेपराने सिनेमा डोक्यावर घेतला. पुण्याच्या एका शहाण्याने लिहिलं, 'पूर्वार्ध झकास, देव परतण्याचा शेवट रटाळ.' दुसऱ्याने त्याचीच री ओढली. वरद घाबरला आणि त्याने 'बस देवा'सकट शेवटच कापून टाकला. आता म्हसोबा हसत निघून जायचा आणि दिवे लागायचे.

नवा शेवट लागला त्या दुपारी जोतीरामचा उजवा खांदा खाली गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढले, हाड शाबूत होतं. गावातली कुत्री त्याला बघून मागे सरायला लागली. त्याची बायको बनाबाई ताट अंगणात आणून द्यायची, आणि तो पावसातही अंगणातच झोपायचा.

"शिवेवर जाऊन 'बस' म्हण की," मी म्हणालो.

"रोज म्हनतो. सकाळी हलकं हुतं. दुपारचा खेळ लागला, की पुन्ना वर येतो. लय जड हाय, गड्या."

मी वरदला फोन केला. तो हसला. "काका, भारी कल्पना! दुसऱ्या भागात घेतो." त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं, पण फोनवर ते जमत नाही.

अखेर सिनेमा थेटरांतून उतरला. जोतीराम शिवेवर गेला, 'बस देवा' म्हणाला, आणि खांदा सरळ झाला तो सरळच राहिला. चार दिवस बघून बनाबाईने पुरणपोळ्या केल्या आणि मलाही बोलावलं. माझ्या जिवाचा घोर गेला.

ती ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. "आवं, या आत."

जोतीरामने पाय उचलला. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून पूजा, शेजाऱ्यांची सून, आनंदाने ओरडली, "मामा, तुमचा सिनेमा मोबाइलवर आलाय! आजच!"

तिच्या हातातून जोतीरामचाच आवाज आला. चल देवा.

त्याचा खांदा खाली गेला, तेव्हा पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. बनाबाईने हळूच वर तुळईकडे पाहिलं. वरून चिमूटभर माती तिच्या ताटात पडली.