तक्त्यातलं रिकामं घर

डोळे मिटा बरं क्षणभर. एक लांबट खोली समोर आणा. सहा टेबलं, त्यातल्या पाचांवरचे संगणक बंद, कारण तिथल्या माणसांना घरी बसवलंय. सहाव्या टेबलाशी एक आई, आणि शेजारच्या स्टुलावर, शाळेला सुट्टी म्हणून सोबत आलेली तिची नऊ वर्षांची लेक. इथे विज्ञानाच्या नियतकालिकांची पानं छपाईसाठी लावतात. आईने ती अठरा वर्षं लावली. आता यंत्र आलंय: लेख घाला, तीन मिनिटांत पान तयार.

यंत्र आणणाऱ्या साहेबांना सगळे पाठीमागे बटणराव म्हणत. बाळांनो, बटण दाबता येतं म्हणजे आपल्याला सगळंच येतं, असं काही माणसांना वाटतं. हे त्यातले. जन्मात एक तक्ता शेवटपर्यंत वाचला नसेल, पण मिरवायला सगळ्यांत पुढे.

त्या दिवशी एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकबाई यंत्र बघायला येऊन बसल्या होत्या. पडद्यावर लहान मुलांच्या औषधाचा तक्ता उमटला. डावीकडे वजन, उजवीकडे थेंब, खाली हिरवी खूण.

"बघितलंत? एक चूक नाही!" बटणराव म्हणाले.

आई पुढे वाकली. "साहेब, पाच किलोखालच्या बाळांपुढचं घर डॉक्टरांनी रिकामं ठेवलंय. म्हणजे औषध द्यायचंच नाही. यंत्राने तिथे खालच्या ओळीतले दहा थेंब भरलेत."

"अहो, रिकामं बरं दिसतं का? नीटनेटकं केलंय त्याने."

"बाळाच्या जिवावर बेतेल, साहेब."

"नोकरी जाणार म्हटल्यावर खोडी दिसायला लागतात, बाई! हिरवी खूण आलीय ना? मग झालं." ते संपादकबाईंकडे बघून हसले. "जुनी माणसं. सांभाळून घ्यावं लागतं."

इतकं अज्ञान इतक्या ऐटीत उभं राहिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आता बटण दाबलं की पान थेट दवाखान्यादवाखान्यांत जाणार होतं. त्यांचं बोट पुढे सरकलं.

"काका," लेक म्हणाली, "माझ्या मावशीचं बाळ चार किलोचं आहे. त्याला किती द्यायचं?"

"दहा थेंब! समोर लिहिलंय की. वाचता येत नाही?"

"येतं. म्हणून तर विचारलं."

"गप्प बस गं!"

ती स्टुलावरून उतरली. आईच्या टेबलावरची डॉक्टरांची मूळ प्रत तिने उचलली, संपादकबाईंच्या मांडीवर ठेवली, त्या रिकाम्या घरावर बोट टेकवलं, आणि बाईंनी चष्मा लावून वाचेपर्यंत ते उचललं नाही.