ढगातून उतरलेली ऊसतोड

सव्वाअकराला दोन मिनिटं कमी होती. पारावर शंभरेक माणसं मोबाईल डोक्यावर धरून उभी होती आणि पाटावर बसलेले मेघराज महाराज आभाळाला दटावत होते.

"कारखान्याची समदी वही ढगात गेली हाय! सायेबलोकच म्हनत्यात, क्लाउड, क्लाउड! मग ढगातलं खाली उतरवायला ढगाचाच मानूस लागतो का न्हाई?"

"व्हय म्हाराज!"

"सोड मेघा, तोडीचा निरोप सोड!"

आणि खरंच, टिंग टिंग करत वीस-पंचवीस मोबाईल एकदम वाजले. ऊसतोडीचा नंबर लागलेले महाराजांच्या पायांवर कोसळले. बाकीच्यांना महाराजांनी सुनावलं, "तुमची भक्तीची रेंज कमी पडती."

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या निकिताला हसू आवरेना. कोपरगाव तालुक्यातल्या त्याच साखर कारखान्याच्या संगणक विभागात ती नोकरीला होती. त्या निरोपांची यादी आणि वेळ तीच यंत्राला लावून देई. पण तेवढ्यात महाराज तिच्या आत्याला, बायडाबाईला म्हणाले, "उद्या कालवड आनून बांध. नंबर आलाच समज." निकिताचं हसू जिरलं. आत्याच्या उसाला तुरे आले होते, वजन घटत चाललं होतं आणि गोठ्यात ती एकच कालवड होती.

घरी येताच तिने आत्याला समोर बसवलं.

"आत्या, ऊस घेऊन आलेले ट्रॅक्टर ऊस टाकायच्या गव्हाणीवर एकदम घुसतात का?"

"कसे घुसतील? यार्डात नंबरात थांबत्यात."

"निरोपांचंही तसंच. कारखान्याचं जुनं यंत्र सकाळभर उसाच्या वजनाच्या कामात असतं. मोबाईलवर निरोप धाडणारं नवं यंत्र लांब शहरात आहे, त्यालाच क्लाउड म्हणतात. दोघांच्या मधे एक प्रोग्रॅम आहे. तो निरोप रांगेत धरून ठेवतो आणि जुनं यंत्र मोकळं झालं की सव्वाअकराला सोडतो. नंबर लागतो तो लागणीच्या तारखेवर. उद्याच्या यादीत तू आहेसच, कालवड दे नाहीतर नको देऊस."

बायडाबाईने विचार केला. "मग देऊनच टाकते. दोन्हीकडून पक्कं!"

निकिताने कपाळावर हात मारला. पण सांगून पटत नाही ते दाखवावं लागतं, हे तिला कळलं. साहेबांची परवानगी घेऊन तिने दुसऱ्या दिवशी वजनाची कामं मागे ठेवली, निरोप सुटायची वेळ दहा लावली आणि पाराकडे निघाली.

पुढची जागा धरायला माणसं साडेनऊपासूनच बसली होती. महाराज पारामागच्या खोलीत अंघोळ करत होते. बायडाबाई कालवडीचं दावं धरून उभी होती.

दहा वाजले. टिंग! टिंग टिंग!

"आला! माझा आला!" पुढे बसलेला रामहरी ओरडला. बायडाबाईच्या कमरेला खोचलेला मोबाईलही वाजला. गलका ऐकून महाराज टॉवेल गुंडाळून, तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आले.

"काय झालं?"

"निरोप आले, म्हाराज!"

"आले? अजून तर मी..." महाराजांनी फेसातून एक डोळा उघडला. "ढग आज लवकर उठले!"

"मग उद्या किती वाजता उठतील?" निकिताने विचारलं. "सांगा ना. तुम्हीच उठवता."

महाराज आभाळाकडे पाहू लागले. आभाळात औषधालाही ढग नव्हता.

निकिता ग्रामपंचायतीच्या फलकाकडे गेली आणि तिथला महाराजांचा भलामोठा फोटो तिने उचकटला. खाली महिन्यापूर्वी तिनेच चिकटवलेली कारखान्याची सूचना होती: 'तोडीचे संदेश रोज सकाळी सव्वाअकराला येतील.'

रामहरीने ती मोठ्याने वाचली. असा हशा पिकला की कालवड दावं ओढत मागे सरली. महाराज खोलीत गेले ते मागच्या दारानेच पसार झाले. ती सूचना वाचणारा गावात हा एकच निघाला होता आणि त्यानेच ती झाकून ठेवली होती!

हसू ओसरल्यावर बायडाबाई गंभीर झाली.

"निके, त्याचं खोटं निघालं. पन तुझ्या यंत्राचं खरं, हे मी कशावरून मानू? कोनी माझ्या आधी नंबर घुसवला तर?"

निकिताला ह्याचाच आनंद झाला. "मानूच नकोस, आत्या. लागणीच्या तारखांची यादी ऑफिसात असते. ये आणि ताडून बघ."

दुसऱ्या दिवशी बायडाबाई खरंच कारखान्यावर गेली. सोबत आणखी अकरा बाया होत्या. चष्मा लावून त्यांनी तारीख न तारीख तपासली, आणि दोन ठिकाणी चुकलेला क्रम पकडून साहेबांना घाम फोडला.

बाबा असो की यंत्र, हात जोडण्याआधी एवढं विचारावं: हे कसं होतं? खऱ्याला ह्या प्रश्नाचं भय नसतं.