कोरडी पट्टी

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. गाडीचे नव्हे, पाठीवरचे. उडणारा मला दप्तरासारखे पाठीला बांधतो, डोक्यावर कापडी पंख पसरतो आणि माझ्या पंख्याच्या जोरावर आभाळात जातो. मी फोर-स्ट्रोक आहे. अंगाने थोडे जड, पण खाणे कमी आणि बडबड त्याहून कमी.

एका मिस्त्रीबाबांनी मला आपल्या लेकीसाठी जोडले. त्यांचे सारे आयुष्य टू-स्ट्रोक इंजिनांत गेलेले. त्या मंडळींना तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. माझे तेल मात्र वेगळे, पोटात भरायचे आणि पट्टी बुडवून किती आहे ते बघायचे. बाबांना हे पाठ होते, पण हाताची सवय सुटते थोडीच?

एका सकाळी त्यांनी माझे जुने तेल काढले आणि नवी बाटली, बोलता बोलता, पेट्रोलच्या कॅनमध्ये ओतली. वर कॅन छान हलवलाही. रिकामी बाटली बघून त्यांना वाटले, झाले काम. लेकीनेही बाबांवर विसंबून पट्टी बघितली नाही.

तिच्या पाठीवर झाडांच्या वर जाताच मी तापून जाम झाले. ती कशीबशी तरंगत माळावर उतरली. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावले. बाबा धापा टाकत आले, पट्टी ओढली. ती कोरडी होती.

त्यांनी हायच खाल्ली. “माझा हात आता भरवशाचा नाही राहिला. तू दुसरा मिस्त्री बघ,” एवढेच म्हणाले. नट आवळायचे त्यांचे पाने मोठ्या पेटीत गेले आणि मी गोणपाटाखाली. फार एकटे वाटले मला.

चार महिन्यांनी लेकीने नवा पिस्टन आणला आणि बाबांच्या खुर्चीशेजारीच मला उघडले. पिस्टनवरची रिंग उलटी बसवू लागली. बाबांनी थोडा वेळ कळ काढली, मग न राहवून उठले आणि रिंग तिच्या हातातून घेतली. तिने ती मुद्दाम उलटी धरली होती, हे मला ठाऊक आहे.

उडायच्या दिवशी तिने पट्टी त्यांच्यापुढे धरली. “तुम्हीच बघा, बाबा. दुसरा मिस्त्री विसरेल. तुम्ही आता जन्मात विसरणार नाही.”

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर तेल द्या, आणि एकदा चुकलेल्या हाताला अडगळीत टाकू नका. बाबा अजूनही पट्टी पुसून दोनदा बघतात, मगच मान हलवतात. आणि मी दोरीच्या पहिल्याच झटक्यात सुरू होते.