सरासरी बरोबर आली

"वहिनी, करा की सही. मशीन तापून बसलंय," भाऊजी लॅबच्या दारातूनच म्हणाले.

"रोज काय घोड्यावर बसूनच येता का?" म्हणत मी माल पास केल्याच्या कागदावर सही केली.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. कारखान्यात मशीनवर त्यांना मीच चिकटवलं. मी लॅबमध्ये एकोणीस वर्षं आहे. लॅब कसली डोंबलाची, एक टेबल आणि एक तापती नळी. नळीत प्लॅस्टिकचा दाणा वितळवायचा आणि दहा मिनिटांत किती ओघळतो ते तोलायचं. सावकाश ओघळला तर आतल्या साखळ्या लांब आहेत, भराभर आला तर तुटल्यात. एवढीच माझी विद्या.

त्या दिवशी गोणीत निम्मा नवा दाणा आणि निम्मं दळलेलं स्क्रॅप होतं, तीन-तीनदा वितळलेलं. दर वेळी तापवलं की साखळ्या तुटतात, तुकडे वाढतात. आणि आमचं हे प्लॅस्टिक टोकांकडून उसवतं, स्वेटरसारखं. जितके तुकडे जास्त तितकी टोकं जास्त, आणि तितक्या लवकर त्याचा गॅस होतो. हे मला तोंडपाठ. म्हणून स्क्रॅप वेगळं तपासायचं असतं. मी घाईत दोन्ही एकत्रच तपासलं होतं. सरासरी बरोबर आली होती.

दुपारी मनाला चैन पडेना. उरलेल्या मालातलं स्क्रॅप निवडून नळीत घातलं, तर ते पाण्यासारखं वाहून गेलं. मी तशीच मशीनच्या शेडकडे धावले.

शेडमध्ये पाय ठेवताच डोळे झोंबले. मशीनचा आवाज येत नव्हता.

"कधीपासून बंद आहे?"

"झाली वीस मिनिटं. साचा अडकलाय." भाऊजी मशीनच्या तोंडाशी, तुंबलेल्या नोझलपाशी वाकून सळईने टोचत होते. "माल भरलेला बॅरल गरमच ठेवलाय. परत तापवत कोण बसणार?"

"आधी तोंडासमोरून बाजूला व्हा. आत गॅस कोंडलाय."

"तुम्ही पण ना वहिनी, उगाच जीव खालीवर करता." ते हसले आणि पुन्हा वाकले. तेवढ्यात नोझल उडालं.

हॉस्पिटलच्या बाकावर धाकटी जाऊ माझा हात घट्ट धरून बसली होती. एक डोळा गेलाच, असं डॉक्टर सांगून गेले होते. दुसऱ्याचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"ताई, कारखान्याचे साहेब म्हणतात, ह्यांचीच चूक झाली. खरंय का?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मला मेलीला तेही जमेना.

"नाही गं. तो माल मी पास केला होता. नीट न तपासता."

तिने माझ्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.