मच्छरदाणी बांधायला जागा आहे का?

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. जुनी म्हणाले, फाटकी नाही म्हणाले. त्यात फरक आहे. माझ्या अंगावर सात ठिगळं आहेत आणि मूळच्या हिरव्या रंगाचं आता काय झालंय ते मलाही सांगता येणार नाही. पण माझ्या आत जो झोपला त्याला डास चावला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

एका कारखान्यात मला यंत्रावर विणलं, औषधात बुडवलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं. माझ्यासारख्या हजारो बहिणी होत्या. घरोघरी वाटप झालं तेव्हा मी सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात कमलाबाईंच्या घरी आले. वाटलं, आता मानानं खाटेवर चढणार. कसलं काय! कमलाबाईंनी मला थेट शेतात नेलं आणि धानाच्या पऱ्ह्यांवर पसरलं. कोवळी रोपं पाखरांनी खाऊ नयेत म्हणून मी चिखलात आडवी पडून राखण केली. हंगाम संपल्यावर तरी सुटका होईल म्हणावं, तर मला कोंबड्यांच्या खुराड्याला गुंडाळलं. जन्म घेतला डासांशी लढायला आणि वर्षभर ऐकत बसले कोंबड्यांची कटकट. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मला तिथून सोडवलं ते कमलाबाईंच्या लेकीनं, ज्योत्स्नानं. ती आयटीआय शिकलेली. गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर जे सौरपंप बसवलेत, ते दुरुस्त करण्याचं काम तिला गडचिरोलीत मिळालं होतं. तिनं एक वापरलेली मोटरसायकल घेतली, मागे पान्यांची पेटी बांधली आणि मला खुराड्यावरून सोडायला लागली.

"कोंबड्याईले काय बांधू मंग?" कमलाबाई म्हणाल्या.

"तुही जुनी साडी बांध. मले मुक्काम करा लागते, आई."

तिनं मला धुतलं, सावलीत वाळवलं, पहिलं ठिगळ लावलं आणि घडी करून कॅरिअरवर बांधलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण कामाचे आहोत.

पण मित्रांनो, मुक्काम करणं बोलायला सोपं. ज्योत्स्नाची लाईन गडचिरोलीपासून एटापल्लीच्या पलीकडे, पार जंगलातल्या शेवटच्या गावापर्यंत. एका फेरीला चार दिवस आणि तीन मुक्काम. अंधार पडल्यावर त्या रस्त्यांनी गाडी काढायची नाही, हे तिकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे दिवस मावळायच्या आत डोक्यावर छप्पर शोधायला हवं. पहिल्या फेरीला ती एका लॉजवर गेली. मालकानं वहीतून मान वर केली.

"संग कोन हाय?"

"गाडी हाय. पान्याची पेटी हाय."

त्यानं वही मिटली आणि खोली रिकामी नाही म्हणाला. भिंतीवर किल्ल्यांची रांग लटकत होती. मग एका विश्रामगृहावर चौकीदार म्हणाला, वरून परवानगी आणा. शेवटी एका शाळेच्या व्हरांड्यात तिनं मला खिडकीच्या गजांना बांधलं आणि पान्यांच्या पेटीवर हात ठेवून झोपली. झोपली कसली, पडून राहिली. माझ्या जाळीतून मला तिचे उघडे डोळे दिसत होते.

अशा काही फेऱ्या झाल्यावर ही बातमी तिच्या साहेबांपर्यंत, गुणवंतरावांपर्यंत पोचली. माणूस वाईट नव्हे. तिच्याएवढीच त्यांना मुलगी आहे. त्यांनी तिला कचेरीत बोलावलं. मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"काम तुहं चांगलं हाय. पन मुक्कामाचं काय? उद्या काई झालं तर तुह्या आईले काय तोंड दाखवू मी? ही लाईन विक्कीले देतो. तू गोदामात बस."

विक्की म्हणजे तिच्यासोबत लागलेला दुसरा मेकॅनिक. पोरगा चांगला, पण त्या लाईनवरचा एकेक पंप ज्योत्स्नानं स्वतःच्या हातानं चालता केला होता. कुठल्या टाकीची तोटी हट्टी, कुठल्या गावात उंदीर वायर कुरतडतात, हे तिला तोंडपाठ होतं. गोदामात बसून नटबोल्ट मोजायचे म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. पण आवाज उतरला नाही.

"एक महिना द्या साहेब. तीन मुक्कामाले तीन घरं शोधून आनते."

"घरच्या बाईचं नाव पायजे अन् फोन नंबर. मी सोता फोन लावून विचारीन."

"चालते."

तशी मीही हट्टाला पेटले. ही पोरगी गोदामात बसली असती तर मी परत खुराड्यावर गेले असते ना!

पुढच्या फेरीला पहिल्या मुक्कामाच्या गावात तिनं पाच दारं हिंडली. "आज रात्री मुक्काम करता येईल का?" असं ती विचारायची. कोणी वाईट बोललं नाही. पण कोणाचं घर लहान होतं, कोणाकडे पाहुणे होते, कोणाचा मालक बाहेरगावी होता. ऊन कलायला आलं. सहाव्या अंगणात इंदुताई नावाच्या बाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ज्योत्स्ना थकली होती. तिनं गाडी लावली, मला कॅरिअरवरून सोडलं, हातात धरलं आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"ताई, माही मच्छरदाणी बांधाले कुठी जागा हाय का?"

इंदुताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून आपल्या ओसरीकडे पाहिलं.

"चार दोऱ्या हायेत न? खुंट्या तीनच हायेत." त्यांनी आत हाक मारली, "अवो, खिळा आना एक."

त्यांचे यजमान नथ्थूभाऊ खिळा आणि हातोडी घेऊन आले. खिळा ठोकताना त्यांनी विचारलं नाही की ही कोण, कुठली, सोबत कोण आहे. दोरी किती उंचावर पाहिजे तेवढं विचारलं. मी ताठ उभी राहिल्यावर इंदुताई म्हणाल्या, "आंबाडीची भाजी खाते न वं तू?"

त्या रात्री ज्योत्स्ना घोरली. पहिल्यांदाच ऐकलं मी.

मित्रांनो, मी जाळीची असले तरी मला डोकं आहे. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. 'राहू का' म्हटलं की माणूस आपल्याच घराकडे परक्यासारखा बघतो आणि लाजतो. घर लहान वाटतं, भिंत पोपडे धरलेली दिसते. 'दोरी कुठे बांधू' म्हटलं की तो खुंटी शोधायला लागतो. ज्योत्स्नालाही ते उमगलं. दुसऱ्या मुक्कामाला तिनं सरळ तोच प्रश्न विचारला आणि तिथल्या अंगणवाडीच्या ताईंनी आपल्या कपाटाच्या कडीला माझी एक दोरी स्वतः बांधली. दोन घरं झाली. दोन्ही घरचे नंबर वहीत आले.

तिसरं गाव राहिलं, कोसमटोला. लाईनचं शेवटचं टोक. पुढे नदी आणि जंगल. महिना संपायला दोन दिवस उरले होते. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा आठ दिवसांपासून पंप बंद होता आणि बाया नदीवरून पाणी आणत होत्या. ज्योत्स्ना टाकीच्या शिडीवर चढली, उतरली, परत चढली. साडेचारला तोटीतून पाणी आलं. सगळ्यात आधी पाण्याचा गुंड भरला तो बुधरीबाईंनी. त्यांचं घर टाकीच्या समोरच होतं. ज्योत्स्नानं मला हातात घेतलं आणि प्रश्न विचारला.

बुधरीबाई घरात माडिया बोलतात, मराठी तुटक. त्यांनी ओसरीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. "खांब नाई."

खरंच नव्हता. भिंतीला दोन खुंट्या होत्या, पुढे डावीकडे एक खांब होता. उजवीकडचा वाळवीनं खाल्ला होता आणि छपराला एका बांबूचा टेका दिला होता. त्या टेक्याला माझी दोरी ओढली असती तर छप्पर अंगावर आलं असतं. आतल्या खोलीत त्यांचे देव. तिथे परक्या माणसाला झोपवत नाहीत.

"पाहुण्याले अशी जागा कशी देवू? लाज वाटते. तू शाळेत जाय."

शाळा म्हटल्याबरोबर माझं अंग आखडलं. ज्योत्स्नानं एक फळी शोधली, ओट्याला टेकवली आणि सगळा जोर लावून मोटरसायकल ढकलत ओट्यावर चढवली. नेमकी जिथे खांब नव्हता तिथे लावली. तीन दोऱ्या खुंट्यांना आणि खांबाला बांधल्या. चौथी बांधली गाडीच्या आरशाच्या दांडीला.

"झाले न चार, बाई?"

बुधरीबाई पदर तोंडाशी धरून हसल्या. मी एका कोपऱ्यातून वाकले होते, पण उभी होते.

त्यांचे यजमान मंगरूभाऊ जंगलातून आले. आपल्या ओट्यावर मोटरसायकल आणि तिला बांधलेली मी, हे त्यांनी पाहिलं. आरशाची गाठ ओढून पाहिली. मग हातपाय धुवायला गेले.

तेवढ्यात बुधरीबाईंनी आतून एक पिशवी आणली. मित्रांनो, माझ्या काळजाचं पाणी झालं. त्यात माझी बहीण होती. कोरी करकरीत, पिशवीचं तोंडही न उघडलेली. दोन वर्षांपूर्वीच्या वाटपात मिळालेली. पाहुणा आला तर असावी, म्हणून त्यांनी पेटीत जपून ठेवली होती. माझी ठिगळं पाहून त्यांना वाईट वाटलं असणार. आता मला सोडून हिला बांधणार, असं वाटून मी कोपऱ्यात अजूनच वाकले.

बुधरीबाईंची नात दीपिका पाच वर्षांची. ती माझी जाळी बोटानं दाबत होती. तिचे हात काडीसारखे होते.

"हिले बरं नाई का?" ज्योत्स्नानं विचारलं.

"ताप. पावसाळ्यात दोन वेळा झाला."

"झोपते कुठी?"

बुधरीबाईंनी चुलीजवळची चटई दाखवली. वर काहीच नव्हतं. ज्योत्स्नानं ती पिशवी त्यांच्या हातून घेतली आणि टर्रकन फाडली.

"बाई, मी पाहुनी. मी माही घेऊन आली. हे हिची हाय."

आणि तिनं ती नवी मच्छरदाणी दीपिकेच्या चटईवर बांधली. बुधरीबाई अडवू लागल्या, मग थांबल्या. एक दोरी त्यांनी स्वतः बांधली. मला मत्सर वाटला होता, तो ओसरला. मला लाजही वाटली.

सकाळी आम्हाला जाग आली ती सब्बलीच्या, म्हणजे पहारीच्या, आवाजानं. मंगरूभाऊ गाडीला लागूनच, ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात खड्डा खणत होते. शेजारी ऐनाचा सोललेला खांब पडला होता. कधी उठले, कधी आणला, कोणास ठाऊक. खांब उभा केला, दगड ठोकून बसवला, छपराचा भार त्यावर घेतला. मग ज्योत्स्नाकडे वळून एवढंच म्हणाले, "आता तुही गाडी खाली उतरव."

गडचिरोलीच्या कचेरीत गुणवंतरावांनी यादी वाचायला घेतली. पहिल्या दोन घरी फोन लावला, बोलले, समाधान झालं. तिसऱ्या ओळीवर थांबले. तिथे ज्योत्स्नाच्या अक्षरात होतं: कोसमटोला. बुधरीबाई. फोन नाही. माझ्यासाठी खांब बसवला.

"हे काय लिवलंस?"

"तिथी टॉवर नाई साहेब. जे हाय ते लिवलं."

"कोनं बसवला खांब?"

"मंगरूभाऊनं. मी सांगतलं नव्हतं."

गुणवंतराव उठून भिंतीवरच्या फळ्यापाशी गेले. शेवटच्या लाईनपुढे विक्कीचं नाव खडूनं लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी तळहातानं पुसलं.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. आता मी कोसमटोल्यात, बुधरीबाईंच्या घरीच असते. मुक्कामाला येणाऱ्यांसाठी ज्योत्स्नानं मला मुद्दाम इथे ठेवलं आणि स्वतःसाठी दुसरी घेतली. निघताना तिनं माझी एक दोरी उगीच दोनदा सोडून बांधली. मला रडू येत होतं, पण जाळीला रडता येत नाही. हिवताप तपासणाऱ्या सिस्टर सत्यशीलाबाई पूर्वी चारच्या आत परत फिरायच्या, त्यामुळे शेतावर गेलेली माणसं तपासायची राहून जायची. आता त्या माझ्यात मुक्काम करतात आणि सकाळी उन्हं यायच्या आत सगळ्या गावाच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेतात. या पावसाळ्यात दीपिकेला ताप आला नाही.

मित्रांनो, आम्ही फाटलो तर शिवा. मळलो तर साध्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. आमचं जाळं करून मासे धरू नका, कोंबड्या झाकू नका. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी म्हणून आम्हाला पेटीत तर मुळीच ठेवू नका. पाहुणा येईल तेव्हा येईल. लेकरू रोज तुमच्याच घरात झोपतं.