ओक्बुन मावशीची हाक

बेटावरच्या शेळ्यांनी डोंगर सोलून काढला, म्हणून सरकारने त्यांना गोळ्या घालायचं ठरवलं. पोंग साहेब बंदूकवाले घेऊन आले. होडी माझी. तिच्यात आमची ओक्बुन मावशी कुणाला न विचारता चढून बसली. विहीर खारट झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते बेट सोडलं होतं, आणि होडीत जागा नव्हती म्हणून तिच्या शेळ्या मागे राहिल्या होत्या. ही त्यांचीच पिलावळ.

"माझ्या हाकेला त्या खाली येतील," ती साहेबांना म्हणाली. "आल्या तर जिवंत न्यायच्या. परसात गोठा बांधलाय मी."

"आणि नाही आल्या तर, आजी?"

"न यायला काय झालं? यांच्या खापरपणज्या माझ्या हातचं मीठ चाटून वाढल्यात."

साहेब हसले. तेवढी दुपार त्यांनी दिली.

आम्ही बेटावर उतरलो. आमच्या जुन्या शेळ्या कमरेला लागायच्या. या जेमतेम गुडघ्याएवढ्या, आखूड पायांच्या, कड्याला चिकटून चालणाऱ्या. चारा कमी, वारा फार. मोठ्या अंगाच्या केव्हाच मेल्या असणार. मावशीचं तोंड उतरलं, तरी तिने मुठीत मीठ घेऊन लांब हाक दिली, "ओराऽ, ओराऽ." साहेब मोबाईलवर चित्रण करत होते.

माना वर झाल्या. मग अख्खा कळप उधळला, कड्याच्या टोकाकडे, पिल्लंसुद्धा.

दर वर्षी शरदातल्या सणाआधी शेळ्या उकळून त्यांचा काढा विकणारे बेटावर येतात. हीच हाक देतात, असंच मीठ दाखवतात. भोळ्या होत्या त्या हंड्यात गेल्या. बिचकल्या त्या व्याल्या, आणि त्यांची पिल्लं आणखी बुजरी निघाली. मेल्या काढेवाल्यांनी हाकेचंच विष केलं, पण मावशीला हे कोण सांगणार?

"विसरल्या मला," ती म्हणाली. विसरल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेब टोकाकडे बघत होते. "आजी, सगळ्या एकाच जागी जातात की. उद्या तिथे माणसं बसवतो. तुम्ही फक्त परत एकदा हाक द्या."

"त्यापेक्षा माझी जीभ झडो."

साहेबांनी मोबाईल खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशीही मावशी आली, पण होडीतून उतरली नाही. बंदूकवाले वर गेले. थोड्या वेळाने डोंगरावरून कर्ण्यातून तिचाच आवाज आला, "ओराऽ, ओराऽ."

मावशीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. आवाज येतच राहिला. मग बंदुका वाजल्या.