मी दुरुस्त होऊन आलो तेव्हा

मित्रांनो, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणारा मी एक जुना संगणक आहे. तब्येत म्हणाल तर ठणठणीत. बटण दाबलं की लगेच सुरू होतो, पूर्वीसारखी घरघर नाही. पण पोटात आता काही उरलेलं नाही, आणि असलं ठणठणीतपण कोणाच्या वाट्याला येऊ नये.

माझी जोडणी राजारामपुरीतल्या एका दुकानात झाली. तिथून आण्णा मला रिक्षातून मांडीवर घेऊन आले. आण्णा म्हणजे निवृत्त शिक्षक. त्यांना मोडी वाचता यायची. मोडी ही आपली जुनी, हात न उचलता लिहायची लिपी. ती वाचणारी माणसं आता शोधावी लागतात. गगनबावड्यापासून नृसिंहवाडीपर्यंतचे लोक घरातल्या जुन्या कागदांची गाठोडी घेऊन त्यांच्याकडे यायचे. आण्णा भिंगातून एकेक ओळ वाचत आणि एका बोटाने ती माझ्यात देवनागरीत उतरवून ठेवत. मग गाठोडं ज्याचं त्याला परत. अकरा वर्षं हे चाललं. छापायचं ते सगळं पुरं झाल्यावर एकदमच, असा त्यांचा हट्ट. आल्यागेल्याला ते माझ्या डब्यावर थाप मारून सांगत, "ह्याच्या पोटात तीनशे घरं हाईत." मी नुसता फुगून जायचो.

पुढे काही गाठोडी पुराने नेली, काही वाळवीने खाल्ली. आण्णांना काचबिंदू झाला आणि भिंगातूनही अक्षर दिसेना. तेव्हापासून ते सगळं फक्त माझ्यापाशी होतं. दुसरी प्रत काढायला हवी हे आण्णांना कळत होतं, मलाही कळत होतं, आणि आम्ही दोघे 'दिवाळीनंतर बघू' म्हणत बसलो होतो.

गेल्या खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा होती. विळी, कोयता, मोटारसायकल आणि मी. आण्णांचा मुलगा विश्वजित सकाळी मला अपडेटला लावून झेंडू आणायला गेला. काम चालू आहे, बंद करू नका, असं पडद्यावर इंग्रजीत आलं होतं. इतक्यात आण्णांच्या पत्नी बायडाबाई ताट घेऊन आल्या. पूजेच्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा नेम. "आजच्या दिशी तरी इसावा घे की, बाबा," असं म्हणत त्यांनी माझी पिन भिंतीतून काढली, मला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. इतक्या मायेने मला कोणी कधी हात लावला नव्हता. ज्या फायलींच्या जोरावर मी जागा होतो, त्या तेव्हा अर्ध्याच लिहून झाल्या होत्या.

दसरा झाल्यावर बटण दाबलं. निळा पडदा, मग काळा, पुन्हा निळा. मी उठायला बघायचो आणि पडायचो. स्वतःची दुरुस्ती स्वतः करायचा एक उपाय माझ्यात असतो, तोही करून पाहिला. जमलं नाही. पण मित्रांनो, आण्णांचे कागद शाबूत होते. दार तेवढं उघडत नव्हतं, आतलं घर जसंच्या तसं होतं. हे सांगायला मला तोंड नव्हतं.

विश्वजितने मला दुकानात नेलं. दुकानदार चनबसाप्पा जाणता माणूस. तपासून तो म्हणाला, "सिस्टीमच्या फायली खराब झाल्यात. डिस्क बरी हाय. सगळं पुसून नवं टाकतो. आत काय ठेवायचं हाय काय?"

विश्वजितच्या कानाला फोन होता. "आण्णांचं जुनं टायपिंग हाय. त्याच्या प्रिंटा आसतील की घरात," तो म्हणाला.

तासाभराचं काम होतं. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडायची आणि कागद आधी बाहेर काढायचे. तेवढा एक तास कोणाकडे नव्हता. मी बरा झालो आणि त्याच वेळी पोटातलं सगळं विसरलो.

मी घरी आल्याआल्या आण्णांनी मोडीचा फोल्डर उघडायला सांगितलं, तेव्हा प्रिंटा कधी काढल्याच नव्हत्या हे विश्वजितला कळलं. मला पुन्हा दुकानात नेलं. चनबसाप्पाने दोन दिवस खटपट केली. फायलींची नावं परत आली. आत मात्र नुसते चौकोन. "मी इचारलंवतं की, पावणं," तो हळूच म्हणाला. बायडाबाईंना पिनेचं अजून कोणी सांगितलेलं नाही. मशीन जुनं झालतं, असंच आण्णा सांगतात.

मागच्या आठवड्यात नृसिंहवाडीहून झुंबरबाई आल्या. त्यांचं गाठोडं पुरात गेलेलं. त्यांच्या घराण्यातल्या फार पूर्वीच्या एका बाईने गावच्या बायकांना नदीवर जायला आपल्या शेतातून वाट दिली होती, असं आण्णांनी त्यात वाचलं होतं. "गुरुवारी नातीचं बारसं हाय, गुरुजी," झुंबरबाई म्हणाल्या. "त्या बाईचंच नाव ठेवायचं म्हणतोय. काय हुतं वो नाव?"

विश्वजितने फाईल उघडली. वरपासून खालपर्यंत चौकोन. आण्णा डोळे मिटून बसले. दोन नावं पुटपुटले आणि आपणच मान हलवली.

"आठवत न्हाय, बाई," ते म्हणाले. मलाही आठवलं नाही, मित्रांनो. मला तर ती वाटही आण्णांच्या तोंडून ऐकूनच माहीत आहे.

"ऱ्हाऊ द्या की. आमाला तरी कुठं म्हाईत हुतं," असं म्हणून झुंबरबाईंनी चहा घेतला आणि एसटी गाठली. त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रं बिघडतात आणि नीटही होतात, त्याचं काही वाटून घेऊ नका. पण आमच्या पोटात कोणाचं काय आहे, ते पुसण्याआधी ज्याचं त्याला विचारा. आणि दुसरी प्रत आज काढा.

बारशाचे पेढे आले. मुलीचं नाव तेजस्वी ठेवलं. आण्णांनी विश्वजितकडून ते माझ्यात लिहून घेतलं आणि लगेच छापूनही घेतलं. त्याच कागदावर वरच्या ओळीत 'वाट देणारी बाई' असं आहे, आणि पुढे नावाच्या जागी टिंबं दिली आहेत.